रांगेतला हाइलचा डबा

मी पोटासाठी निरोपांच्या रांगा लावतो. कऱ्हाडला सुट्टीवर गेलं की कुणीतरी विचारतंच, "काय करतोस रे तिकडं?" आणि मी हे उत्तर दिलं की समोरचा गप्प बसतो. आमच्या एका चुलत्यांनी तर गावभर सांगून ठेवलंय की साळुंख्यांचं पोरगं रियाधला हापिसात माणसांच्या रांगा सांभाळतं, पगार बरा आहे, पण दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील बिचाऱ्याचे. मी ते कधी खोडून काढलं नाही. माझी पन्नाशी उलटली तरी भेटल्यावर ते आधी माझ्या पायांची चौकशी करतात.

पण अंकासाठी लिहायला बसलोय तर एकदा सरळ सांगून टाकतो, म्हणजे पुढची धावपळ तुम्हाला माझ्याइतकीच कळेल.

पिठाची गिरणी आठवा. आई ज्वारीचा डबा हातात द्यायची आणि म्हणायची, दळून आण. गिरणीत डब्यांची रांग असायची. आपला डबा शेवटी ठेवायचा, गिरणीवाला खडूनं नाव लिहायचा, आणि आपण मोकळे. तो त्याच्या गतीनं दळत बसायचा. रांग नसती तर प्रत्येकाला आपला डबा हातात धरून चक्कीसमोर उभं राहावं लागलं असतं, आणि बाराव्या माणसाच्या पाठीमागचा वैतागून घरी गेला असता. वेबसाइटचं तेच असतं. तुम्ही पडद्यावर मागणी भरता, बटण दाबता, लगेच "मिळाली" असं येतं. खरं तर ती मागणी एका रांगेत जाऊन बसलेली असते. ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे ती गिरणी. त्यात एक प्रोग्राम गिरणीवाल्यासारखा बसलेला असतो, तो एकेक मागणी उचलतो आणि गोदामाच्या जुन्या, संथ सिस्टिमला देतो. ही रांग आखायची, चालू ठेवायची, तुंबली तर मोकळी करायची, हे माझं काम.

आणि यातली खरी मजा वेगळीच आहे. गिरणीवाल्यानं डबा उचलला म्हणजे दळलं असं होत नाही. पीठ डब्यात पडून झाकण लागेपर्यंत खडूचं नाव पुसायचं नाही. मध्येच वीज गेली, पट्टा तुटला, तर डबा होता तिथं, होता तसा परत रांगेत. म्हणजे नीट बांधलेल्या रांगेत घातलेला निरोप हरवतच नाही. सर्व्हर बंद पडू दे, परत चालू केला की निरोप आपल्या जागेवर बसलेला असतो. हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी जेवायचा विसरलो होतो. एवढी वर्षं झाली तरी रांगेत पहिला निरोप पडून पलीकडं पोचताना बघितला की मला आनंद होतो. बायको म्हणते, या माणसाला पगार दिला नाही तरी जाईल कामावर. तसं काही नाही, पगार हवाच.

निरोप हरवत नाही हे मी म्हणालो. आपण आपल्या हातानं पुसला तर मात्र हरवतो. रांग रिकामी करायचं एक बटण असतं, एका दाबात सगळं साफ. ते मी एकदा दाबलंय.

धाहरानची गोष्ट आहे, नऊ-दहा वर्षांपूर्वीची. मी एका कंत्राटदाराकडं होतो. त्याची माणसं मोठ्या कंपनीच्या कामावर होती, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सगळी कॅम्पात राहणारी. सुट्टीचा अर्ज आणि देशाबाहेर जाऊन परत यायचा परवाना, हे सगळं कागदावर चालायचं. ते कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडं आलं. कॅम्पात एक यंत्र ठेवलं, त्यात इकाम्याचा, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचा, नंबर टाकून अर्ज भरायचा. अर्ज रांगेत जाणार आणि रांगेतून परवान्याच्या कारकुनाकडं. माझ्या टेबलावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीची, एक खरी. दोन्ही दिसायला हुबेहूब. चाचणीच्या रांगेत मीच घातलेले खोटे अर्ज साचले होते, ते साफ करायला मी बटण दाबलं. दाबलं ते खऱ्या खिडकीत.

एकतीस अर्ज गेले. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून मी एकेक नंबर उतरवून काढला आणि साहेबाकडं गेलो. साहेब म्हणाला, "कुणाला बोलू नकोस, ज्याला गरज आहे तो परत भरेल. खलास." आणि मी खरंच बोललो नाही.

तीस जणांनी कारकुनाकडं चौकशी करून परत भरले. एकतिसावा इब्राहिम मुकादम, फिटर, हर्णैचा. त्याचा बाप अत्यवस्थ होता. त्याच्या हिशोबानं अर्ज गेलेला, कागद चालू असणार, म्हणून तो चार दिवस बॅग भरून थांबला. पाचव्या दिवशी कारकुनाच्या खिडकीवर विचारायला आला तेव्हा मी त्याच व्हरांड्यात होतो. कारकून म्हणाला, तुझा अर्जच नाही, तू काहीतरी चुकीचं दाबलं असशील. तो दोनदा म्हणाला, "मैंने डाला था, साब." मी भिंतीला टेकून ऐकत होतो. त्यानं अर्ज परत भरला, परवाना आला, पण तोवर बाप गेला होता. तो मातीला पोचला नाही.

माझी त्याच्याशी तेव्हा ओळख नव्हती. ती झाली पुढं रियाधला. मी औषधं आणि दवाखान्याचं सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत लागलो. कंपनीचं गोदाम शहराच्या कडेला, अल सुलै भागात. पहिल्यांदा गोदाम बघायला गेलो तर गाड्या भरून पाठवणारा फोरमन पुढं आला, हात मिळवला आणि म्हणाला, "मराठी का? मी हर्णैचा." मी त्याला ओळखलं. त्यानं मला कधी बघितलंच नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत इब्राहिमभाई माझे मित्र झाले. शुक्रवारी ते आमच्याकडं यायचे, येताना पापलेट आणायचे, माझ्या बायकोला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही घाटावरचे, तुम्हाला मासा नाय कळायचा, सरा जरा बाजूला." जेवताना एकदा सहज म्हणाले की धाकटा भाऊ युसुफ त्यांच्याशी बोलत नाही. "त्याचं म्हणणं, बापासाठी एक अर्ज टाकायला जमला नाय तुला. त्याचं पण बरोबर हाय. कायतरी चुकलंच असणार माझं, ती स्क्रीन सगळी इंग्रजीत." मी पानातला काटा काढत बसलो. त्या दिवशी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. त्यानंतरच्या शुक्रवारीही नाही. मासे मात्र खात राहिलो, लाज वाटते लिहायला.

या सगळ्याचा माझ्या कामावर एक परिणाम झाला. रियाधला नवी वेबसाइट बांधली, राज्यभरातले दवाखाने त्यावरून मागणी भरणार होते. रांग मी आखली. त्यात एक आकडा भरायचा असतो: एखादी मागणी पुढं जात नसेल तर किती वेळा प्रयत्न करून ती बाजूला काढायची. शहाणा माणूस तीन भरतो, पाच भरतो. मी उणे एक भरलं. उणे एक म्हणजे कधीच बाजूला काढायची नाही, करत राहायचं. माझ्या रांगेतून यापुढं एकही निरोप बाहेर पडणार नाही अशी मनातल्या मनात शपथ घेतली होती. ही शपथ चार महिन्यांनी माझ्याच अंगाशी आली.

तो घटस्थापनेचा दिवस होता. सकाळी बायकोनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घट बसवले, माती रियाधच्या बत्हा बाजारातून आणलेल्या कुंडीतली, सप्तधान्य कऱ्हाडहून आलेलं. मला प्रसादाचा खडीसाखरेचा खडा दिला आणि म्हणाली, "आज प्रतिपदा, चांगल्या दिवशी चिडचिड करू नका." मी बरं म्हणून हापिसात आलो. इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी नुकतीच संपली होती. सुट्टीत साचलेल्या मागण्या सगळ्या एकदम येऊन आदळत होत्या.

दहाच्या सुमाराला इब्राहिमभाईंचा फोन. "साळुंखेभाऊ, स्लिपा येत नायत. प्रिंटर गप्प. सहा गाड्या उभ्या हायत."

मी पडदा उघडला. वेबसाइट झकास चालू, दवाखान्यांना "मिळाली, मिळाली" चाललंय, आणि रांगेत चौदाशे मागण्या तुंबलेल्या. बघता बघता पंधराशे. लॉगमध्ये एकच ओळ हजारो वेळा: तारीख चुकीची. सगळ्यांत पुढची मागणी प्रोग्राम उचलत होता, अडत होता, परत जागेवर ठेवत होता, परत तीच उचलत होता. एका डब्यात खडा निघालाय, आणि गिरणीवाला तोच डबा सकाळपासून पुन्हा पुन्हा चक्कीत ओततोय, मागचे सगळे ताटकळतायत. कारण त्याला मीच सांगून ठेवलं होतं, कधीच बाजूला काढायचा नाही. उणे एक.

आमचे मॅनेजर फहद, इथलेच, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, डोक्यानं थंड. ते माझ्यामागं येऊन उभे राहिले, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "क्लिअर करा. सगळ्यांना परत भरायला सांगू. दहा मिनिटांत गाड्या निघतील."

त्यांचं चुकत नव्हतं. गोदामात सहा गाड्या, चाळीस माणसं खोळंबली होती. पण मी माऊसवरचा हात काढून घेतला. मी म्हणालो, "साहेब, त्या दवाखान्यांना 'मिळाली' असं उत्तर गेलंय. ज्याला मिळाली म्हणून सांगितलं तो परत कशाला भरेल? तो गाडीची वाट बघत बसेल."

"मग दुसरं काय करता येईल?"

"पुढची एक मागणी हातानं बाजूला काढतो. बाकीच्या आपोआप सुटतील. रांग क्षणभर थांबवावी लागेल."

चालू कामात रांग थांबवायची नाही असा आमच्याकडं नियम. दुरुस्ती करायची ती नमाजाच्या वेळेत. अजान झाली की सगळीकडं वीसेक मिनिटं कामं थांबतात, मागण्या येत नाहीत, सर्व्हर श्वास घेतो. हिंदुस्थानात आम्ही रविवारची वाट बघायचो, इथं दिवसातून अशी संधी आपोआप मिळते. दुपारची अजान पावणेबाराच्या आसपास होती. फहद म्हणाले, "ठीक आहे. मी नमाजाला जातो, परत येईपर्यंत वेळ तुमचा. तोवर सुटलं नाही तर मी स्वतः क्लिअर करणार. यल्ला, लागा कामाला."

अजानपर्यंत मी प्रत्येक पाऊल कागदावर लिहून काढलं. या खिडकीत हे, मग हे, मग हे. धाहराननंतर मला एक सवय लागलीये, खऱ्या सर्व्हरची खिडकी मी लालभडक रंगवून ठेवतो. हापिसातली पोरं हसतात, मारुतीचं देऊळ उघडलंय म्हणतात. हसू देत. त्या दिवशी त्या लाल रंगाकडं बघून मला धीर आला.

अजान झाली, माणसं उठली. मी एक नवी छोटी रांग बांधली, बाजूला ठेवायच्या डब्यांची, जी चार महिन्यांपूर्वीच बांधायला हवी होती. मोठी रांग थांबवली. पहिली मागणी निवडली, नंबर कागदाशी ताडून बघितला, परत एकदा ताडला. हलवली. मग रांग सोडली.

आकडा तसाच. एक सेकंद, दोन सेकंद. आणि मग पंधराशे वीसचे पंधराशे दहा झाले. चौदाशे नव्वद. चौदाशे चाळीस. सांगतो तुम्हाला, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, रिकाम्या हापिसात एकटाच. फोन वाजला. पलीकडून आधी प्रिंटरचाच आवाज आला, सलग टरटर, आणि त्यावर इब्राहिमभाई, "आली भाऊ, आली, पोरं धावतायत नुसती."

आता तो खड्याचा डबा उघडून बघायचा होता. मला वाटलं, कुणीतरी बेफिकिरीनं काहीतरी भरलं असणार. मी मागणी उघडली. हाइलचं एक छोटं डायलिसिस केंद्र. सामान: डायलिसिसचं द्रावण, नळ्या, फिल्टर. शेरा: सुट्टीत साठा संपला, उद्या सकाळी सहाच्या पाळीला हवंच, नऊ रुग्ण. आणि तारीख: तीस, महिना दोन.

तीस फेब्रुवारी. मी आधी कपाळावर हात मारून घेतला. सप्टेंबर चालू आहे आणि हा गृहस्थ फेब्रुवारी लिहितो, तोही तिसावा. मग वर्षाकडं लक्ष गेलं. चौदाशे चव्वेचाळीस.

इथं माझ्या बायकोचे उपकार मानले पाहिजेत. आज प्रतिपदा, असं ती सकाळी म्हणाली होती. म्हणजे काल अमावास्या झाली. चंद्र काही हिंदूंचा वेगळा आणि मुसलमानांचा वेगळा नसतो. अमावास्या झाली म्हणजे आज संध्याकाळी इथं चंद्रकोर दिसणार, म्हणजे यांचाही महिना आज संपणार. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं धावलो. इंग्रजी तारखेखाली बारीक अक्षरात होतं: तीस सफर. सफर हा त्यांच्या हिजरी वर्षाचा दुसरा महिना. त्या माणसानं आजचीच तारीख घातली होती, अगदी बरोबर, त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली. याआधीही तो अशाच तारखा घालत आला असणार आणि आमच्या प्रोग्रामनं त्या इंग्रजी समजून मुकाट गिळल्या असणार. फेब्रुवारीला तीस तारीख नसते, म्हणून आज घशात अडकली. सौदी अरेबियात बसून, सौदी माणसांसाठी वेबसाइट बांधताना, त्यांच्या महिन्याचा विचार आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता. प्रोग्राम लिहिणारे पुण्याचे आणि चेन्नईचे, रांग आखणारा मी.

पण हे कौतुक करत बसायला वेळ नव्हता. हाइल इथून साडेसहाशे किलोमीटर. तिकडची गाडी नमाज झाली की निघते. ती गेली तर दुसरी उद्या दुपारी. त्या नऊ माणसांना उद्या सकाळी रक्त शुद्ध करून मिळालं नाही तर काय होतं, हे मला माहीत होतं. माझ्या मामांचं डायलिसिस मी सांगलीला बघितलंय. एक पाळी चुकली की माणूस सुजतो, श्वास लागतो.

मागणी दुरुस्त करून रांगेत परत टाकली असती, तर ती शेवटी गेली असती, हजार मागण्यांच्या मागं. मी फोन उचलला.

"इब्राहिमभाई, हाइलची गाडी कुठाय?"

"ड्रायव्हर नमाजाला. आला की निघेल, माल चढलाय. का?"

"तिला थांबवा. मी सामान सांगतो, लिहून घ्या. उद्या सकाळी तिकडं नऊ माणसं डायलिसिसला बसणारायत आणि त्यांच्याकडं काही नाही."

"कागद नाय जवळ. थांबा." खोका फाडल्याचा आवाज आला. "हां, बोला सावकाश."

मी वाचत गेलो, ते लिहीत गेले. एकेक कोड नंबर, किती खोकी, कुठल्या मापाच्या नळ्या. प्रत्येक ओळ ते परत वाचून दाखवत होते. एवढा महागाचा सर्व्हर, एवढी देखणी रांग, आणि महत्त्वाची मागणी गेली ती माझ्या तोंडातून त्यांच्या पेनात. शेवटी म्हणाले, "द्रावणाचे कॅन मागच्या शेडात हायत. वीस मिनिटं द्या. ड्रायव्हरला मी बघतो." आणि फोन न ठेवता फोर्कलिफ्टवाल्याला हाक मारली. मला ऐकू येत होतं सगळं: फोर्कलिफ्टचा भोंगा, ड्रायव्हरचं हिंदीत कुरकुरणं की उशीर झाला तर बुरैदाजवळ ऊन डोळ्यांत येतं, आणि इब्राहिमभाईंचं एकच उत्तर, "खान, बैठ, चाय पी."

फहद परत आले तेव्हा आकडा तीनशेवर उतरला होता. ते बघून म्हणाले, "खलास?" मी बोट वर केलं, थांबा म्हणून. फोन अजून कानाला होता. मग गाडीच्या दाराचा आवाज आला आणि इब्राहिमभाई म्हणाले, "गेटाबाहेर गेली." तेव्हा मी म्हणालो, "खलास."

मी हाइलला फोन लावला. त्या केंद्राच्या भांडारात अबू सालेह नावाचे वयस्कर गृहस्थ होते. माझ्या मोडक्या अरबीत त्यांना सांगितलं की गाडी निघाली, रात्री पोचेल, पण तारखेमुळं घोळ झाला होता. ते शांतपणे म्हणाले, "मी चाळीस वर्षं याच तारखा लिहितोय. तुमच्या कॉम्प्युटरला आपले महिने माहीत नाहीत तर त्याला इथं कामावर कुणी ठेवला?" मी माफी मागितली. फहद बाजूला उभे होते, ते मोठ्यानं हसले, आणि मग मला म्हणाले की हे पुढच्या महिन्याच्या आत दुरुस्त झालं पाहिजे. झालं ते. उणे एकच्या जागी पाचही आले.

दुपारी कागदाची पूर्तता करायला मी सुलैला गेलो. इब्राहिमभाईंनी खोक्याच्या तुकड्यावर लिहिलेली यादी मला नोंदीसाठी हवी होती. ते शेडाच्या सावलीत लाकडी पॅलेटवर बसून काळा चहा पीत होते. शर्ट घामानं चिकटलेला, चेहरा लखलखीत. मला बघून सरकले, चहा ओतला. आम्ही दोघंही सकाळ परत परत सांगत होतो एकमेकांना, लग्नघरातून आल्यासारखी. त्यांनी तो पुठ्ठा माझ्या हातात दिला. तिरक्या अक्षरात सगळं बरोबर होतं.

मग ते म्हणाले, "पण भाऊ, ह्या मशिनीवर काय भरवसा नाय. आज तुम्ही उघडून बघितलात म्हणून. नायतर तो म्हातारा भांडला असता, मी टाकला होता, मी टाकला होता, आणि लोक म्हणाले असते, तूच चुकीचं दाबलंस." थोडं थांबून हसले. "माझ्यासारखं. पण मी खरंच चुकीचं दाबलं असणार."

"तुम्ही चुकीचं दाबलं नव्हतं," मी म्हणालो.

"म्हणजे?" ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. धाहरानचं हापिस, दोन सारख्या खिडक्या, एकतीस अर्ज. व्हरांडा सांगितला. साहेबानं गप्प राहायला सांगितलं तेही सांगितलं आणि गप्प मी राहिलो हेही. इतक्या शुक्रवारी जेवायला बसून बोललो नाही, याला काही कारण नाही, फक्त भीती, असं म्हणालो. मला वाटलं आता हे उठून जातील, आणि ते गेले असते तर मी काही म्हणू शकलो नसतो.

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग विचारलं, "माझा अर्ज होता त्यात? नक्की?"

"नक्की. तुमचा इकाम्याचा नंबर मी स्वतः उतरवला होता. रविवारी सकाळी आला होता, नऊ चाळीसला."

"रविवारी," ते म्हणाले. "शनिवारी रात्री घरून फोन आलेला. मी सकाळी ड्यूटीवरनं मध्येच येऊन टाकला." मग माझ्यापासून तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. मीही पुसले. समोर एक पोरगा हातगाडी ढकलत चालला होता, तो आमच्याकडं बघून वेग वाढवून निघून गेला.

"माफ करा म्हणायची माझी लायकी नाही," मी म्हणालो.

"तां मागनं बघू," ते म्हणाले. राग होता आवाजात, तो मला ऐकू आला आणि बरंच वाटलं. "माफीचं मला आज सांगता येत नाय. आधी एक काम करा."

त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. लागला तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला. रिंग वाजत होती. हर्णैला तेव्हा संध्याकाळ झाली असणार. पलीकडून कुणीतरी उचलला आणि तुटकपणे म्हणाला, "हां, काय?"

"युसुफभाई का?" मी म्हणालो. "मी साळुंखे, रियाधहून. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या वडिलांच्या वेळी इब्राहिमभाईंनी अर्ज केला होता. रविवारी सकाळी, नऊ चाळीसला. बरोबर केला होता. तो मी पुसला."

पलीकडं घरात टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मी फोन कानाला लावून बसलो होतो, आणि इब्राहिमभाई माझ्या तोंडाकडं बघत होते.

मग युसुफ म्हणाला, "भाईला द्या फोन."

मी दिला.